रक्ताचा आजार, मूत्रपिंडाची निगा

बँकेच्या नोकरीत माझी पस्तीस वर्षे आकड्यांच्या सहवासात गेली. कर्जदाराच्या ताळेबंदातील शेवटचा आकडा पाहून समाधान मानू नये, मागील तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत, ही शिकवण अंगात मुरली होती. ती पुढे घरातल्याच एका लेकराच्या उपयोगी पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

माझ्या मुलीची मुलगी आज तेरा वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. ती आठ महिन्यांची असताना निदान झाले आणि तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त द्यावे लागते. मी निवृत्त झाल्यावर जावईबापूंनी कागदांनी भरलेली एक पिशवी माझ्यापुढे ठेवली व म्हणाले, "नानाजी, हे तुमच्या खात्यातले काम." मी वही आखली. तारीख, हिमोग्लोबिन, किती रक्त दिले, फेरिटिन, क्रिएटिनिन, वजन, असे रकाने पाडले. त्या वहीचा हा अनुभव समाजबांधवांपुढे ठेवतो आहे. यात मी वैद्य असल्याचा आव नाही. ज्या घरात असे मूल आहे त्या घरातील एका वडीलधाऱ्याचे हे टिपण आहे.

पर्युषणातील तीन दिवस

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मुलीकडे नंदुरबार जिल्ह्यातील तिच्या गावी होतो. पर्युषणाचा चौथा दिवस होता, घरातील मोठी माणसे स्थानकात व्याख्यानाला गेली होती. नातीला उलट्या व जुलाब सुरू झाले. पावसाळ्यात मुलांना असे होतेच, म्हणून मीठ-साखरेचे पाणी दिले. शरीरातील लोह काढून टाकणारी तिची रोजची गोळी, तीही पाण्यात विरघळवून उपाशीपोटी दिली. आदल्या वर्षी काही आठवडे गोळ्या चुकल्या होत्या व फेरिटिन वाढले होते. त्यामुळे "एक दिवसही खाडा नाही" हा घरातला नियम मीच केला होता. दुसऱ्या दिवशी तिने गोळीचे पाणी अर्धे ओकून टाकले. मी उरलेले पुन्हा पाजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, ती रात्रीपासून लघवीला गेलेली नाही." आम्ही तिला जवळच्या रुग्णालयात नेले. क्रिएटिनिन १.३ आले. कागदावर छापलेली कमाल मर्यादा १.२ होती. तेथे सांगण्यात आले की आकडा किंचितच वर आहे, संध्याकाळपर्यंत वाट पाहू.

माझ्या हातात वही होती. मागील चौदा महिन्यांत तिचे क्रिएटिनिन ०.४ आणि ०.५ यांच्या पलीकडे एकदाही गेले नव्हते. छापील मर्यादेच्या मानाने १.३ हा किरकोळ फरक असेल. या मुलीच्या स्वतःच्या आकड्याच्या मानाने ती तिप्पट वाढ होती. मी पुण्यातील तिच्या रक्तविकारतज्ज्ञांना दूरध्वनी केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "लोहाची गोळी शेवटची कधी दिली?" मी म्हणालो, "आज पहाटे." क्षणभर ते थांबले, मग म्हणाले, "ती आत्तापासून बंद. सलाईन लगेच सुरू करायला सांगा, मी तेथील डॉक्टरांशी बोलतो."

त्या रात्री तिला लघवी झाली. आठवड्याने क्रिएटिनिन ०.७ वर आले, दीड महिन्याने ०.५ वर. पुढे तपासण्या पाहून गोळी पुन्हा सुरू झाली, नव्या मात्रेत. मूल वाचले, मूत्रपिंडे वाचली. त्या संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर मी नातीपुढे हात जोडले आणि खमतखामणा केला. ती हसली. मला हसू आले नाही, कारण तो पेला दोन्ही दिवस माझ्याच हाताने तिच्या ओठाला लागला होता.

लोहाचे खाते

थॅलेसेमियात हिमोग्लोबिन तयार करण्याची शरीराची क्षमता जन्मतःच अपुरी असते. अमेरिकेतील डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ साली या आजाराचे वर्णन प्रथम केले. मूल जगावे व वाढावे म्हणून त्याला आयुष्यभर रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शरीर मात्र दिवसाला केवळ १ ते २ मिलिग्रॅम लोह गमावते. जास्तीचे लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय त्याच्यापाशी नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमेची बाजू दर महिन्याला फुगते आणि नावेची बाजू जवळजवळ कोरी राहते. हे लोह हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथींत साठते. म्हणून ते बांधून बाहेर काढणारे औषध लागते. पूर्वी त्यासाठी डेफेरॉक्सामिन हे औषध पंपाने त्वचेखाली रात्रभर, आठ ते बारा तास द्यावे लागे. आज बहुतेक मुले डेफेरासिरॉक्स ही गोळी घेतात.

ही गोळी वरदानच आहे, पण ती मूत्रपिंडावर भार टाकते. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन दोनदा पाहावे व नंतर दर महिन्याला क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासावीत, असा दंडक आहे. बालकाला उलटी, जुलाब, ताप असताना किंवा त्याचे खाणेपिणे बराच वेळ तुटलेले असताना शरीरातील पाणी घटते. अशा वेळी गोळी थांबवून डॉक्टरांशी बोलावयाचे असते. हे औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. आमच्या घरी ते माहितीपत्रक खोक्याबरोबर केराच्या टोपलीत जात असे.

आणखी एक गोष्ट मला नंतर समजली. काही महिने औषध चांगले लागू पडले की फेरिटिन खाली येते. आपण आनंदतो आणि मात्रा तीच चालू ठेवतो. कर्ज फिटत आले तरी हप्ता तोच कापत राहावा, तसा हा प्रकार होतो. बांधण्याजोगे लोह कमी उरलेले असताना तीच मात्रा मूत्रपिंडाला अधिक त्रासदायक ठरते. म्हणून फेरिटिन घसरत असेल तर मात्रेविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे.

थॅलेसेमियाच्या मुलांत लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाण्याची व मूत्रखडे होण्याची प्रवृत्तीही आढळते. हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व त्यांना लागते, पण ते डॉक्टरांनी ठरविलेल्या मापानेच द्यावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने टॉनिक देऊ नये. लोहाचे टॉनिक किंवा लोहभस्म तर नियमित रक्त घेणाऱ्या मुलाला कदापि देऊ नये. मूल फिके दिसते म्हणून ते देण्याचा मोह प्रत्येक आजीला होतो.

हमालाचा मुलगा

नातीच्या आजारपणाने माझे डोळे उघडले आणि दुकानातील एक गोष्ट नव्याने दिसली. जावईबापूंकडे पोती उचलणाऱ्या एका आदिवासी गृहस्थाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सिकलसेलचा आजार आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला.

हा मुलगा रात्री अंथरूण ओले करी. वडील रागावत, आई संध्याकाळनंतर पाणी देत नसे, आणि शाळेत वारंवार लघवीला जातो म्हणून गुरुजी त्याला बसवून ठेवीत. प्रत्यक्षात त्या लेकराचा काही दोष नव्हता. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी असतो आणि क्षार दाट असतात. विळ्यासारख्या पेशी तेथे सर्वांत आधी अडकतात. त्यामुळे लघवी दाट करून पाणी वाचविण्याची मूत्रपिंडाची शक्ती लहानपणीच जाते. मोठी मंडळी रात्रभर झोपतात तेव्हा त्यांचे शरीर पाणी राखून ठेवते. या मुलाचे शरीर ते राखू शकत नाही. त्याचे पाणी तोडले तर अंथरूण कोरडे होत नाही. रक्त मात्र घट्ट होते, पेशी अधिक विळ्यासारख्या होतात आणि वेदनेचा झटका येतो. आई ज्याला औषध समजत होती तेच आजाराला खतपाणी घालत होते.

सिकलसेलच्या मूत्रपिंडाची दुसरी लबाडी अशी की सुरुवातीच्या वर्षांत ते नेहमीपेक्षा जास्त वेगाने रक्त गाळते. साहजिकच क्रिएटिनिन कमी, म्हणजे वरवर उत्तम दिसते. ज्या दुकानाचा गल्ला रोज भरलेला दिसतो पण भांडवल आतून झिजत असते, त्या दुकानासारखी ही अवस्था असते. क्रिएटिनिन वाढते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. त्याची पहिली खूण लघवीत झिरपणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनात सापडते. अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेने दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतील प्रथिने तपासण्यास सांगितले आहे. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना त्यासाठी उत्तम. ही तपासणी साधी व स्वस्त आहे. दोष लवकर सापडला तर झीज मंदावणारी औषधे आहेत. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटकेही कमी होतात.

त्या मुलाचे अंग दुखले की दुकानातून कोणीतरी त्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आणून देत असे. भावना चांगली होती. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवितात, विशेषतः शरीर कोरडे पडलेले असताना. थॅलेसेमियाच्या मुलालाही त्या परस्पर देऊ नयेत. वेदनेसाठी काय द्यावे हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

जावईबापूंनी शाळेत जाऊन गुरुजींची भेट घेतली. मुलाला पाण्याची बाटली वर्गात ठेवण्याची व केव्हाही लघवीला जाण्याची मुभा मिळाली. खर्च काहीच आला नाही. आपल्या दुकानात, गोदामात, कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरी असे मूल असू शकते. एकदा आपुलकीने विचारून पाहावे.

कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी एक पुस्ती जोडतो. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत डांबराच्या गोळ्यांमुळे रक्तपेशी अचानक फुटू शकतात. लघवी काळपट चहासारखी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तान्ह्या बाळाला डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळू नये, हा नियम प्रत्येक घराने पाळावा.

तप आणि पाणी

आता आपल्या घरांतील एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे लहान मुलेही चौविहार करतात, पर्युषणात उपवास करतात, कोणी अठाई करते. त्यांचे कौतुक होते, वरघोडा निघतो. नातीच्या चुलत बहिणीने त्याच वर्षी अठाई केली होती. पुढच्या चातुर्मासात नात म्हणाली, "मीही करणार. मी आजारी आहे म्हणून मला कोणी विचारतच नाही."

डॉक्टरांचे उत्तर स्पष्ट होते. निर्जळ रात्र आणि निराहार दिवस या मुलीसाठी नाहीत. सिकलसेलच्या मुलासाठी तर रात्रीचे पाणी औषधाइतकेच आवश्यक आहे. तिला ते पटले नाही. तिची आई रडली. शेवटी आम्ही तिला घेऊन महासतीजींकडे गेलो. त्यांनी तिला जवळ बसविले आणि सांगितले की तपाचे बारा प्रकार आहेत, अनशन हा त्यांतील एक. पदार्थांची संख्या मर्यादित ठेवणे हे तप आहे, स्वाध्याय हे तप आहे, आजाऱ्याची सेवा हेही तप आहे. तप शक्तीनुसार करावे, आणि प्रत्याख्यानात आगार ठेवलेले असतात ते विचार करूनच ठेवलेले असतात. मग त्यांनी तिला विचारले, "तू दर महिन्याला सुई सहन करतेस, तेव्हा मनात काय असते?" नात म्हणाली, "नवकार." त्या म्हणाल्या, "मग तुझे तप कधीचे चालू आहे."

त्या वर्षी तिने आठ दिवस दूरदर्शन व मोबाइल यांचा त्याग केला, रोज एक सामायिक केले आणि तिची पाण्याची बाटली उशाशी राहिली. उकळलेले पाणी पिण्याचा घरचा नियम आम्ही मोडला नाही. ते पाणी तिच्याबरोबर शाळेत व प्रवासात पाठवू लागलो, कारण बाहेरचे पाणी नको म्हणून ती दिवसभर तहानलेली राहत असे. नियम पाळण्याची जबाबदारी मोठ्यांनी उचलली की मुलाचे आरोग्यही राखले जाते.

वहीत काय लिहावे

ज्या घरी असे मूल आहे त्यांनी एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक क्रिएटिनिनचा आकडा तारखेसह लिहावा आणि निरोगी दिवसांतील आकडा लाल शाईने अधोरेखित करावा. लहान मुलांचे क्रिएटिनिन प्रौढांपेक्षा कमी असते. म्हणून छापील मर्यादेपेक्षा मुलाचा स्वतःचा मागील आकडा हीच खरी तुलना. लघवीतील प्रथिनांचा अहवाल, फेरिटिन, वजन आणि औषधाची चालू मात्रा हेही लिहावे. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे: उलटी, जुलाब, ताप किंवा खाणेपिणे बंद असेल तर लोहाची गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच विचारावे. खाली त्यांचा क्रमांक असावा.

लघवी कमी होणे, चेहरा किंवा पाय सुजणे, लघवीत फेस येणे, लघवी लाल वा काळपट होणे, या खुणांवर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लोह काढणाऱ्या काही औषधांनी लघवीचा रंग तांबूस होतो, तो त्या औषधाचाच परिणाम असतो. आपल्या मुलाच्या औषधाने असे होते का, हे आधी विचारून वहीत लिहिले म्हणजे ऐन वेळी घाबरणे टळते. आजारपणात वही घेऊनच रुग्णालयात जावे.

कायद्याचीही मदत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश आहे. प्रमाणपत्र घेण्यात कमीपणा मानू नये. सिकलसेल निर्मूलनासाठी केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तीत तपासणी होते.

सोयरीक जुळविण्यापूर्वी

माझी मुलगी व जावई दोघेही थॅलेसेमियाचे वाहक आहेत. दोघेही धडधाकट आहेत. वाहकाला सहसा कसलाही त्रास नसतो, म्हणून कोणालाच कल्पना नसते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. एक जोडीदार थॅलेसेमियाचा व दुसरा सिकलसेलचा वाहक असला तरी आजारी मूल होऊ शकते. विवाह एकाच समाजात, ठरावीक घराण्यांत होत राहिले की असे जुळून येण्याचा संभव वाढतो.

आम्ही सोयरीक जुळविताना घराणे पाहिले, गोत्र पाहिले, पत्रिका पाहिली, दुकानाची पतही पाहिली. रक्ताची एक तपासणी मात्र केली नाही. एच-पी-एल-सी नावाची ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. आपल्या परिचय मेळाव्यांत बायोडाटाबरोबर हा अहवाल जोडण्याची प्रथा सुरू व्हावी, अशी माझी विनंती आहे. वाहक असणे हा कलंक नव्हे आणि त्यावरून स्थळ नाकारण्याचे कारणही नाही. दोघेही वाहक निघाले तरी गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. माहिती आधी हाती असली तर निर्णय कुटुंबाच्या हाती राहतो.

आणि एक मागणे. महावीर जयंतीला आपण रक्तदान शिबिर भरवितो. माझ्या नातीला रक्त मात्र वर्षातून बारा-चौदा वेळा लागते. शिबिरे वर्षभरात विभागून घेतली तर अशा अनेक मुलांची सोय होईल.

माझी वही आता तिसरी चालू आहे. मागील महिन्याच्या ओळीत क्रिएटिनिन ०.५ आहे. नात आता स्वतःच आकडे लिहिते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे, आणि पहिल्या पानावरची ती ठळक ओळ तिने नव्या वहीत आधी उतरवून घेतली, मग माझ्याकडे सहीसाठी आणली. मी सही केली आणि खाली तारीख घातली.

जय जिनेंद्र.